नटहॅचला शिलींध्री का म्हणतात?

ताई, तुमचा प्रश्न असा की पेंचला गाइडने नटहॅच म्हणून दाखवलेल्या पक्ष्याचं नाव मराठी पुस्तकात शिलींध्री दिलंय, पण शिलींध्र म्हणजे तर बुरशी, मग छपाईत घोळ झालाय का आणि नुसतं 'छोटा सुतार' म्हटलं तर चालेल का.

घोळ काही नाही. शिलींध्र म्हणजे आळंबी, आपल्याकडचे टेकोडे. मेघदूतात ढग गरजला की जमीन 'उच्छिलीन्ध्र' होते, म्हणजे टेकोडे वर येतात, आणि तो यक्ष बसला होता ती रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं मानतात, तेव्हा नागपूरकरांनी तरी हा शब्द परका समजू नये बाप्पा! पण शिलींध्री हे स्त्रीलिंगी रूप वेगळं, संस्कृत कोशात त्याचा एक अर्थ माती, चिखल असा आहे. नाव नेमकं त्यावरूनच पडलं असं छातीठोक सांगत नाही, पण शोभतं मात्र भारी, कारण ही पाखरं झाडाच्या ढोलीत घरटं करतात आणि ढोलीचं तोंड मोठं असलं की चोचीनं ओला चिखल आणून ते लिंपत लिंपत आपल्यापुरतं गोल भोक ठेवतात, वाळल्यावर ते लिंपण चांगलं टणक होतं.

सुतार म्हणू नका. हिंदीत हिला कठफोरिया म्हणतात आणि सुताराला कठफोडवा, त्यामुळे आपल्याकडे गोंधळ होतो. सुतार ताठ शेपटीचा टेकू घेऊन खोडावर वर वर सरकतो, त्याची बोटं दोन पुढे दोन मागे. हिची तीन पुढे एक मागे, शेपूट आखूड आणि टेकूच्या कामाची नाही, एक पाय वर अडकवायचा, दुसरा खाली रोवायचा आणि खुशाल डोकं खाली करून खोडावरून उतरायचं, सालीच्या फटीतले किडे टिपत. सुताराला हे जमत नाही. मोहाच्या नाहीतर आंब्याच्या जुन्या झाडावर चिमणीहून लहान, निळसर राखाडी पाठीचा, डोळ्यातून काळी पट्टी गेलेला पक्षी उलटा चालताना दिसला की हीच. पोट गडद तांबूस असेल तर नर, मादीचं फिकं. लाल चोच नि काळं मखमली कपाळ असेल तर ती मखमली शिलींध्री, ती जास्त करून सह्याद्रीकडच्या दमट जंगलातली.

इंग्रजीतल्या 'हॅच'चा अंडी उबवण्याशी संबंध नाही हं, तो ठोकून फोडणे या अर्थाच्या जुन्या शब्दातून आलाय. कडक बी सालीच्या फटीत अडकवून चोचीनं फोडायची सवय, म्हणून नटहॅच. त्याचं 'कवचफोड्या' वगैरे नवीन मराठी करत बसायची काहीच गरज नाही.

लिहिताना ती शिलींध्री, अनेकवचन शिलींध्र्या. शिलिंद्री असंही कुठे कुठे छापलेलं दिसतं, मी मात्र ध्र ठेवतो.