जीपीएस घेतलास? आधी खारघरची टेकडी

नवा जीपीएस (हातात धरून वाट शोधायचं यंत्र) घेऊन लगेच सह्याद्रीत घुसू नकोस. आधी दोन रविवार खारघरच्या टेकडीवर काढ. पायथ्याशी, मोकळ्या आभाळाखाली तो चालू कर आणि निवांत चहा पी. किमान 4 उपग्रह मिळाल्याशिवाय जागा आणि उंची धड कळत नाही. मग गाडी लावलीस तिथे वेपॉइंट मार्क कर, म्हणजे ती जागा यंत्रात खूण करून साठव. मी एकदा विसरलो आणि धुक्यात तासभर स्वतःचीच बाईक शोधत फिरलो. (बायको अजून ऐकवते.)

स्क्रीनवरचा बाण वेपॉइंटकडची सरळ रेषेतली दिशा दाखवतो, मधली दरी त्याच्या खिजगणतीत नसते. म्हणून परतताना ट्रॅकबॅक (आलेली वाट उलटी दाखवणारी सोय) लाव, आलास त्याच वाटेने उतर. कड्याखाली किंवा दाट झाडीत जागेचे आकडे उड्या मारतात, तिथे घाई नको. पेन्सिल सेल बदललेस की यंत्रातला कंपास पुन्हा कॅलिब्रेट कर, म्हणजे दिशा नीट जुळवून घे. जादा सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव.