मागे उभ्या राहणाऱ्यांची सोय आधी कर

धुळे

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत गावात बीजीएमआयची, म्हणजे मोबाइलवरच्या त्या पबजीची, स्पर्धा घ्यायची म्हणतेस आणि आबा म्हणतात, 'पोरं बिघडवायचे धंदे.' त्यांच्यावर रागावू नकोस. १९९५ च्या सुमाराला मी पाचकंदीलजवळ गेमची दोन मशीनं लावली, तेव्हा माझे वडील याहून कडक शब्दांत बोलले होते.

पत्र्याची खोली, मे महिन्यात नुसती भट्टी. एका मशीनवर कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होता. हे नाव धुळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातल्या टोपीवाल्या गड्यावरून सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणायचे. रुपयाचं नाणं टाकून खेळणारे दोघं आणि मागे उभे दहा. 'मार रे भो, मार!', 'आते मना नंबर!' असा गलका. त्यात लाइट गेली की नाणं बुडालं, मग हाणामारी. एकदा वैतागून मी फुकट्यांना बाहेर काढलं. अर्ध्या तासात खेळणारेही उठून गेले. बघायला कुणी नाही तर जिंकून करायचं काय? दुसऱ्या दिवशी मीच मागे बाकडं टाकलं.

धंद्यातली ही एवढीच अक्कल माझ्याकडे आहे, पण ती सगळीकडे खरी ठरली. १९७२ मध्ये अटारी कंपनीने कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये 'पाँग' या गेमचं पहिलं मशीन ठेवलं. ते काही दिवसांत बंद पडलं. उघडून बघतात तर पेटी नाण्यांनी तुडुंब. चार माणसं जमतात तिथेच मशीन ठेवलं होतं ना! कोरियात १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट' या कॉम्प्युटर गेमचे सामने पुढे टीव्हीवर लागायला लागले. माझं बाकडंच ते, फक्त देशभर पसरलेलं.

आपल्याकडे मधल्या काळात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले, मग सायबर कॅफेतलं काउंटर स्ट्राइक. खरा फरक पडला सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि पारावर बसलेली चार पोरं गेममधल्या एकाच विमानातून उड्या मारायला लागली. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, तेव्हा माझ्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात पोरं सुतकात असल्यासारखी बसून होती. दुसरे गेम काय कमी होते? पण त्यांचा कट्टा गेला होता. पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नव्या नावाने आला.

आता तुझं. माझ्या खोलीत इतक्या वर्षांत एकही मुलगी आली नाही. दारातून डोकावून पुढे जायच्या. मीही कधी 'ये' म्हटलं नाही, हे आज कबूल करतो. तू लिहितेस की आवाज ऐकला की पोरं नको ते बोलतात, म्हणून माइक बंद ठेवून खेळतेस. त्या पोरांना माझ्याच खोलीतली सवय लागलेली. म्हणून स्पर्धेत मुलींचा निदान एक स्क्वॉड, म्हणजे चौघींची टीम, उतरव आणि घाण बोलेल तो स्क्वॉड बाद, हे नावनोंदणीच्या कागदावरच लिही.

गेमच्या रूममध्ये १०० जण मावतात म्हणून १०० घेऊ नकोस. पहिल्या वर्षी १६ स्क्वॉड पुष्कळ. ६४ मोबाइल एकाच टॉवरवर आले तर खेळ अडकत चालेल आणि शिव्या तुला बसतील, तेव्हा फायबरचं कनेक्शन बघ. खेळणारे शाळेच्या वर्गात, पडदा मंडपात. दोन्ही जवळ ठेवलेस तर 'तो बघ झाडामागे!' ही आरोळी आतल्यांना ऐकू जाईल आणि भांडण लागेल. चार्जिंगचे बोर्ड जास्तीचे ठेव.

बक्षीस कृषी केंद्रवाल्याकडून घे, बॅनर त्याचा लाव. पैज मात्र कुणालाही लावू देऊ नकोस. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्यावरच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, त्यातून वेगळे ठेवले. हा फरक आबांना शांतपणे सांग. भुजचा तीर्थ मेहता २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत 'हर्थस्टोन' या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्यपदक घेऊन आला, हेही सांग. तेव्हा हा खेळ तिथे फक्त प्रदर्शनापुरता होता, तेही लपवू नकोस. आबांना अर्धवट सांगितलेलं लगेच कळतं. कॉलेज सोडून यातच उतरायचा विचार मात्र डोक्यातून काढ. शंभरातल्या नव्व्याण्णवांचं यावर पोट भरत नाही.

राहिली कॉमेंट्री. टेनिस बॉलच्या सामन्यांना तुमच्याकडे अहिराणीत कॉमेंट्री चालते, तशीच हवी. आणि ती तूच कर. मंडपात बसलेल्या बायाबापड्यांना पडद्यावर काय चाललंय ते कळेल अशी, 'हाऊ पोऱ्या आते घरमा लपना' अशी. पहिली पाच मिनिटं घसा कोरडा पडेल, पाणी जवळ ठेव.

आबांची खुर्ची पहिल्या रांगेत टाक. शेजारी माझीही. माझा जुना ॲम्प्लिफायर घेऊन येतो. इन्व्हर्टरचं तेवढं तू बघ.

तुझा,
नाना