केनियाला जरूर जा, पण ताईंचं पोस्टातलं खातं मोडून नको

यावल तालुक्यातून एका दादांनी विचारलंय. वय ६१, चार एकर केळी. त्यांच्या पत्नी, म्हणजे ताई, ५९ वर्षांच्या, जिल्हा परिषद शाळेतून शिक्षिका म्हणून चौदा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या, जुनी पेन्शन सुरू आहे. निवृत्तीच्या पैशातले २० लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाच खात्यात ठेवलेत. शिवाय बँकेत दोन एफडी: ५ लाखांची नोव्हेंबरमध्ये पूर्ण होते, ६ लाखांची दवाखान्यासाठी राखलेली आहे. ऑगस्टमध्ये अकरा दिवसांची केनिया-टांझानिया सहल आहे, दोघांचे ९ लाख ६० हजार, आणि महिनाअखेर दीड लाख आगाऊ भरायचे, तेही परत न मिळणारे. पैसे कुठून काढावेत यावर घरात तीन मतं आहेत: दादा म्हणतात पोस्टातलं खातं बंद करू, पुण्याचा मुलगा म्हणतो वैयक्तिक कर्ज घेऊ, ताई सोनं गहाण ठेवायला तयार आहेत. भाऊबंद म्हणतात, एवढ्या पैशात बांधाला लागून जमीन घ्या.

नमस्कार दादा. भाऊबंदांचं आधी बाजूला ठेवू. आयुष्यभर एकाने बाग सांभाळली, एकीने वर्ग सांभाळला. आता हिंडायची इच्छा आहे आणि पाय चालतायत. हा खर्च तुम्हाला झेपतो. माझी हरकत आहे ती ऑगस्टला, आणि पैसे जिथून काढायचं म्हणता त्या जागेला.

पोस्टातलं खातं वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. २० लाखांवर ते ३० हजार होतात. लागतील तेवढेच काढून बाकीचे त्या खात्यात ठेवता येत नाहीत, सगळं खातं बंद होतं. खरं नुकसान मात्र त्यानंतरचं आहे. साठीच्या आत हे खातं निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांतच उघडता येतं. ताईंची ती मुदत गेली. म्हणजे साठ पूर्ण होईपर्यंत त्यांना पुन्हा शिरताच येणार नाही, आणि तेव्हा दर काय असेल ते तेव्हाचं. आज ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१ हजार येतात आणि हा दर पाच वर्षं बांधलेला आहे. केळीचा भाव पडला, वादळात बाग आडवी झाली, तरी हे ४१ हजार येणारच. त्याला हात लावू नका.

मुलाचा मार्ग त्याच्या प्रेमातून आलाय, पण १२ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता ३१,९०० च्या आसपास आणि व्याजच सुमारे १ लाख ८८ हजार. फिरून आल्यावर छत्तीस महिने त्याच्या पगारातून ते जात राहणार. सोन्याबद्दल एवढंच सांगतो: आपल्याकडे बाईच्या अंगावरचं सोनं ही अडीनडीची शेवटची पुंजी असते. ती दवाखान्यासाठी, पीक बुडालं तर त्यासाठी राहू द्या.

आता ऑगस्ट. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे (गाईएवढ्या, हरणाच्या कुळातल्या प्राण्यांचे) कळप असतात, म्हणून गर्दी आणि भाव दोन्ही तेव्हा चढलेले असतात. परदेशी प्रौढ माणसाला तिथलं प्रवेश शुल्क जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर. दोघांचे तीन दिवस धरले तर फरक ६०० डॉलरचा. डॉलर ८५ रुपये धरला तरी ५१ हजार, नुसत्या फाटकावर. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे कोरडं असतं; सिंह, हत्ती, जिराफ माराचे कायमचे रहिवासी आहेत. कळपांनी नदी ओलांडण्याचं दृश्य तेवढं हुकेल. ते पाहणं हेच मुख्य स्वप्न असेल तर मला तसं कळवा, मग हिशोब वेगळा मांडावा लागेल. शिवाय ऑगस्टमध्ये तुमची मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी) कोवळी असते आणि सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग नेमका त्याच सुमारास दिसतो. रोज बागेत फिरून रोगट झाडं उपटायच्या दिवसांत तुमचं मन माराच्या गवतात रमणार नाही.

म्हणून माझं मत: येत्या जानेवारीच्या शेवटी जा, आणि फक्त केनिया, सात-आठ दिवस. सगळं धरून ६ लाखांची हद्द घाला. टांझानिया गाळला की तिथला व्हिसा, तिथली उद्यानं, सीमेवरचा वेळ सगळं वाचतं. मारा, नाकुरू सरोवर आणि किलिमांजारोच्या पायथ्याचं अंबोसेली एवढ्यात आठवडा भरून जातो. पैसे असे उभे राहतात: जुलै आणि ऑक्टोबरच्या व्याजाचे ८२ हजार, नोव्हेंबरला सुटणारी ५ लाखांची एफडी (कुठलाही दंड नाही), आणि जानेवारीचे ४१ हजार हातखर्चाला. दवाखान्याची ६ लाखांची एफडी तशीच राहते. परत आल्यावर पोस्टाचं व्याज पुन्हा बाजूला टाकलं तर तीन वर्षांच्या थोडं आधी-नंतर ५ लाख भरून निघतात. पेन्शनवर घर चालतंय म्हणून हे जमतं, नसतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

आगाऊ रक्कम भरण्याआधी एक काम मात्र झालंच पाहिजे, आणि टूर कंपन्या ते बहुधा शेवटी सांगतात. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, म्हणजे तुम्हाला बहुधा मुंबई किंवा पुण्यासारखं शहर गाठावं लागेल, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होतं. एकदा घेतली की जन्मभर चालतं. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना त्रासाचा धोका वाढतो, अंड्याची ॲलर्जी असेल तरीही अडचण असते. दादा, तुमचं वय ६१ आहे. डॉक्टर नको म्हणाले तर सहलच बदलावी लागेल, आणि दीड लाख आधीच भरले असतील तर ते गेले. मारामध्ये मलेरिया आहे, त्याच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

प्रवास विमा घेताना रक्तदाब-साखर असेल तर लिहून द्या, लपवू नका. जंगलातून नैरोबीच्या दवाखान्यापर्यंत विमानाने हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हे लेखी घ्या.

टूरच्या भावात ५ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा. त्यावर टीसीएस, म्हणजे टूर कंपनी तुमच्याकडून घेऊन सरकारजमा करते तो आगाऊ कर, वेगळा लागतो. २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंतच्या पॅकेजवर तो ५ टक्के होता, तुम्ही भराल त्या दिवशीचा दर विचारा. हा खर्च नाही, विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून घरात जो विवरणपत्र भरतो त्याच्याच खात्यातून आणि पॅनवर पैसे द्या. पेन्शनमुळे ते बहुधा ताईंचं असेल.

केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. शेव, बिबडे नेणार असाल तर डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा.