निवेदकच मानसिक आजारी असेल अशा थरारकादंबऱ्या: कोणत्या वाचाव्यात आणि खानदेशात घडणारी कशी लिहावी?

तुम्ही धुळ्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहात. तरुण वाचकांसाठीच्या ज्या मानसशास्त्रीय थरारकादंबऱ्यांत कथा सांगणाराच आजारी असतो आणि त्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही, त्यांपैकी कोणत्या वाचाव्यात, आणि तशी एक कादंबरी मराठीत, आपल्या भागात घडणारी लिहायची तर कुठून सुरुवात करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी चोपडा तालुक्यातला आहे, एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे इंग्रजी शिकवले आहे आणि या प्रकारची पुस्तके विद्यार्थ्यांच्या निमित्ताने सुरू करून पुढे स्वतःच्या आवडीने वाचली आहेत. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ साली रूढ केली, पण ही युक्ती तिच्याहून बरीच जुनी आहे. एडगर ॲलन पो याच्या १८४३ सालच्या ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेतला खुनी पहिल्या ओळीपासून आपण वेडे नसल्याचे पटवून देत राहतो आणि नेमके त्या पटवण्यामुळेच आपल्याला त्याची शंका येऊ लागते. मात्र या कथेने पुढच्या लेखकांना एक वाईट खोडही लावून दिली. निवेदक आजारी म्हणजे तो धोकादायक, आणि शेवटच्या पानावर त्याचा आजार उघड झाला की कथा संपली, असा एक साचा तयार झाला. प्रत्यक्षात गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांवर हिंसा करण्यापेक्षा इतरांच्या हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे हा साचा वास्तवाला धरून नाही. आणि थरारकथा म्हणूनही तो आता इतका झिजला आहे की सराईत वाचक विसाव्या पानावरच शेवट ओळखतो.

मग थरार आणायचा कुठून? याचे उत्तर मला पुस्तकांच्या आधी घरात मिळाले.

माझा एक मावसभाऊ वीस वर्षांचा असताना केळीच्या शेतात रात्रीची मोटर चालू करायला जात असे. आपल्याकडे शेतीच्या लाईटची पाळी आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या हिवाळ्यात त्याची झोप तुटली, अभ्यास सुटला, आणि ओळींच्या मधून कोणीतरी चालते, आपला परीक्षेचा बैठक क्रमांक पुटपुटते आणि स्टार्टरची पेटी उघडून पाहते, असे तो सांगू लागला. “तठे कोनी शे,” म्हणजे तिथे कोणीतरी आहे, एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. वाळलेल्या केळीच्या पानांवर वारा चालला तरी माणूस चालल्यासारखे वाटते, असे म्हणून मोठ्यांनी विषय बंद केला, आणि दोनेक आठवड्यांनी एका रात्रीत आसपासच्या चार विहिरींवरच्या केबली चोरीला गेल्या. स्टार्टरच्या पेटीजवळ खरोखरच माणूस येत होता. बैठक क्रमांक मात्र कोणी पुटपुटत नव्हते. चोर आणि भास हे दोन्ही त्याच्या एकाच वाक्यात आले होते आणि आम्ही ते वाक्य अख्खेच टाकून दिले होते. त्याहून वाईट पुढे झाले, कारण केबल खरी ठरली तेव्हा आवाजही खराच असणार, असे मावशीच्या मनाने घेतले; ‘बाहेरचे’ काढण्यासाठी भगत झाला, गंडा झाला, आणि जळगावला मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत आणखी तीन महिने गेले. (आता तो ठीक आहे, औषधे घेतो, आणि हे लिहिण्याआधी मी त्याला विचारले आहे.)

आजारी निवेदकाच्या कादंबरीत माझ्या मते हेच रहस्य असायला हवे. त्याने सांगितलेल्या एकाच वाक्यातला कोणता भाग खरा आणि कोणता भासाचा, हे निवडताना ऐकणारे दोन्ही बाजूंनी चुकतात, आणि वाचकही त्या ऐकणाऱ्यांपैकीच एक असतो.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरते ती फ्रान्चेस्का झापिया यांची ‘मेड यू अप’ (२०१५). तिची निवेदक ॲलेक्स ही शाळकरी मुलगी आहे, तिला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, आहे आणि ते तिला ठाऊकही आहे. ती सोबत कॅमेरा बाळगते. संशय आलेल्या गोष्टीचा फोटो काढून ठेवते आणि ती गोष्ट नंतरही फोटोत दिसते का, हे तपासते. यामुळे ती एकाच वेळी रुग्णही राहते आणि तपास करणारीही होते, आणि तिचा प्रत्येक संशय आजारातूनच आलेला असतो असे नाही, हे पुढे कळू लागते तेव्हा आपण तिला किती सहज बाजूला सारत होतो याची लाज वाटते. यापेक्षा अधिक सांगितले तर पुस्तक फुटेल.

नील शुस्टरमन यांची ‘चॅलेंजर डीप’ही त्याच वर्षीची, आणि तिला अमेरिकेचे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले आहे. ती काटेकोर अर्थाने थरारकादंबरी नव्हे. केडन हा किशोरवयीन मुलगा एकीकडे घर, शाळा आणि पुढे रुग्णालय यांत असतो, तर दुसरीकडे मारियाना गर्तेच्या तळाकडे, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर खोल जागेकडे निघालेल्या जहाजावर असतो, आणि जहाजावरची माणसे रुग्णालयातल्या कोणाकोणाशी जुळतात हे हळूहळू लक्षात येते. पुस्तकातली चित्रे लेखकाच्या मुलाने स्वतः आजारातून जाताना काढलेली आहेत. आजार आतून कसा वाटतो हे शिकण्यासाठी ही वाचाच, पण रहस्याची बांधणी शिकण्यासाठी वाचू नका.

ई. लॉकहार्ट यांच्या ‘वी वेअर लायर्स’ (२०१४) या कादंबरीतली केडन्स अपघातानंतर स्मृती गमावलेली, सततच्या डोकेदुखीने हैराण झालेली मुलगी आहे. सुरुवातीलाच वडील घर सोडून जातात तो प्रसंग सांगताना, त्यांनी पिस्तूल काढून माझ्या छातीत गोळी घातली, असे ती सरळ विधान करते. गोळी वगैरे काही नसते. पण ही मुलगी वेदना आणि घटना यांच्यामध्ये रेघ ओढत नाही, हे लेखिकेने तिथेच उघडपणे सांगून टाकलेले असते आणि आपण ते अलंकार म्हणून सोडून देतो. वाचकाला फसवावे, पण पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर ठेवून फसवावे, याचा हा नमुना आहे. जुन्यांपैकी रॉबर्ट कॉर्मियर यांची १९७७ सालची ‘आय ॲम द चीज’ चुकवू नका: एक मुलगा वडिलांसाठीचे पार्सल घेऊन सायकलवर निघालेला असतो आणि मधल्या प्रकरणांत ध्वनिफितीवर नोंदवलेले प्रश्नोत्तर येत राहते, एवढेच सांगतो.

‘द अनबिकमिंग ऑफ मारा डायर’ (२०११) तुमच्या यादीत बहुधा असेल, कारण ती फार लोकप्रिय आहे. मला ती आवडत नाही. मोठ्या आघातानंतर मनावर परिणाम झालेल्या मुलीची गोष्ट म्हणून सुरू झालेले पुस्तक अद्भुत शक्तींकडे वळते, आणि अमेरिकेत ही करमणूक ठरत असेलही, पण जिथे आजाराला आधीच ‘बाहेरचे’ म्हणतात तिथल्या लेखकाने हे वळण घेतले तर तो रहस्य उलगडत नाही, माझ्या मावशीचीच चूक पुन्हा करतो.

आता तुमच्या लिहिण्याविषयी. आजाराची माहिती नीट घ्या. स्किझोफ्रेनिया बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून विशीपर्यंतच्या काळात सुरू होतो, म्हणजे नायक तुमच्याच वयाचा घेतलात तर ते योग्यच ठरेल. एकाच माणसात दोन व्यक्तिमत्त्वे असणे हा वेगळा विकार आहे, त्याची गल्लत करू नका. भास हे दिसण्यापेक्षा ऐकू येण्याचे अधिक असतात, त्यामुळे शंभर पाने सोबत वावरणारा, गप्पा मारणारा काल्पनिक मित्र ही बहुतेक वेळा लेखकाची सोय असते. औषधाने भास दिवा मालवल्यासारखे थांबत नाहीत; ते आठवड्यांच्या अवधीत ओसरतात, आणि त्या मधल्या काळात आवाज ऐकू येतो आहे पण त्याच्यावरचा विश्वास कमी झाला आहे, अशी जी अवस्था येते तिच्यात मला पाठलागाच्या दहा प्रसंगांहून अधिक थरार दिसतो. आणि मुख्य म्हणजे, आपण आजारी आहोत हे न कळणे हा कित्येकदा आजाराचाच भाग असतो. असा निवेदक खोटे बोलत नसतो, म्हणून त्याला लबाडाची भाषा देऊ नका.

अमेरिकी कादंबऱ्यांतला शाळेतला समुपदेशक इथे जसाच्या तसा आणू नका. तुमच्या नायकाच्या वाट्याला येईल तो गावाचा ओटा, भगत, जळगाव किंवा धुळ्याचा दवाखाना, आणि २०२२च्या ऑक्टोबरनंतरची गोष्ट असेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक. रात्री दोन वाजता मोटरीच्या खोलीतून तिथे फोन लावणारा मुलगा काय सांगेल आणि काय लपवेल, या एका प्रसंगावर प्रकरण उभे राहील.

शेवटची गोष्ट भाषेची, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. १९६३ सालच्या ‘कोसला’ने आपल्याच भागातल्या एका तरुणाला स्वतःविषयी तिरकस, बेभरवशाचे बोलू दिले, आजाराशी तिचा संबंध नाही, पण आवाज कसा पेलावा हे त्या पुस्तकातून शिकता येते. तुमच्याकडे आणखी एक साधन आहे, ते म्हणजे अहिराणी. नायक बिघडू लागला की अहिराणीत बोलू लागतो, असे मात्र चुकूनही करू नका. बोलीला आजाराचे लक्षण बनवण्यासारखा अपमान नाही. उलट करून पाहा. आई, मित्र, विहिरीवरचा सालदार, म्हणजे जे कोणी खरोखर समोर आहेत ते सारे अहिराणीत बोलू द्या, आणि भासातला आवाज पाठ्यपुस्तकातल्या स्वच्छ प्रमाण मराठीत येऊ द्या, परीक्षेच्या हॉलमधल्या सूचनेसारखा. वाचकाला खूण पहिल्या प्रकरणापासून हातात मिळालेली असेल, पण छापील मराठीची सवय इतकी आहे की त्याला ती खटकणार नाही. मग अर्ध्यावर, केबल चोरणाऱ्या एखाद्या खऱ्या माणसाच्या तोंडी तीच प्रमाण मराठी घाला.

पहिली पन्नास पाने झाली की कच्चा मसुदा घरात अहिराणी बोलणाऱ्या एखाद्या मित्राला द्या आणि त्याला नायकाच्या आजाराविषयी काहीही न सांगता, ज्या ज्या ठिकाणी बोलणारा परका वाटला तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. खुणा एकही नसल्या किंवा प्रत्येक पानावर असल्या, तर पाने पुन्हा लिहावी लागतील.