तिन्ही नोड पडलेत, आधी कुठला उठवायचा?

प्रश्न: आमच्याकडे मारियाडीबी डेटाबेसचा तीन नोडचा गॅलेरा क्लस्टर आहे, म्हणजे तीन सर्व्हरवर एकच डेटा सारखा ठेवणारी जोडणी. वीज गेली, यूपीएसनेही साथ सोडली आणि तिन्ही सर्व्हर एकदम बंद पडले. आता मशीन चालू आहेत पण कुठल्याही नोडवर सर्व्हिस स्टार्ट केली की थोडा वेळ अडकून राहते आणि फेल होते. एकाने सांगितलं की ग्रास्टेट डॉट डॅट ही नोडची अवस्था लिहिलेली फाइल उडवा आणि बूटस्ट्रॅप करा, म्हणजे एका नोडपासून क्लस्टर नव्याने सुरू करा. करू का?

उत्तर: नका करू, निदान आत्ता तरी नका. तुमचा डेटा अजून तिन्ही डिस्कवर असण्याची शक्यता चांगली आहे आणि या घाईतच तो जातो.

आधी काय होतंय ते बघा. गॅलेराचा नोड उठताना आधीच चालू असलेला एखादा सोबती शोधतो, तुमच्याकडे तिघेही पडलेले, त्यामुळे तुम्ही एकेक करून स्टार्ट केलंत तर प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतो आणि कंटाळून बंद होतो. सिस्टिमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्राम) फक्त 'फेल्ड' म्हणतो, त्यावरून काहीच कळत नाही, जर्नलसीटीएलने सिस्टिमचा लॉग नाहीतर मारियाडीबीचा एरर लॉग उघडा. तिथे प्रायमरी व्ह्यूपर्यंत (बहुमताच्या गटापर्यंत) पोचता आलं नाही असा मेसेज असेल तर हेच कारण. डिस्क फुल किंवा परमिशनची एरर दिसली तर मात्र आधी ती मिटवा, क्लस्टरचं नंतर बघू.

पहिला उपाय अगदी साधा आहे आणि लोक तोच विसरतात. वीज जाऊन बंद पडलेल्या नोडवर बहुतेक वेळा जीव्हीडब्ल्यूस्टेट डॉट डॅट नावाची फाइल मागे राहते, त्यात शेवटी कोण कोण सोबत होतं ते असतं. तिन्ही नोड जवळजवळ एकाच वेळी स्टार्ट करा, ४५६७ पोर्ट एकमेकांना उघडं आहे ना ते बघा, बरेचदा ते आपापले जुळतात. फाइल एखाद्या नोडवर नसेल तर पुढे वाचा.

आता ग्रास्टेट डॉट डॅट. ती डेटा डिरेक्टरीत असते, सहसा व्हार लिब मायएसक्यूएलमध्ये. उघडा, पण काही बदलू नका. सेक्नो (शेवटच्या बदलाचा क्रमांक) उणे १ आणि सेफ टू बूटस्ट्रॅप ० दिसलं तर घाबरू नका, नीट शटडाउन न झाल्याने शेवटचा आकडा लिहायचा राहिला एवढाच त्याचा अर्थ, डेटा गेला असं नाही. खरा आकडा इनोडीबीकडे, म्हणजे डेटा साठवणाऱ्या इंजिनकडे असतो. सर्व्हिस बंद ठेवून प्रत्येक नोडवर मारियाडीबीडी डब्ल्यूएसरेप रिकव्हर ऑप्शनने चालवा, यूजर मायएसक्यूएलच द्या, नाहीतर फाइल रूटच्या नावावर होतात आणि नवीन डोकेदुखी सुरू होते. लॉगमध्ये 'रिकव्हर्ड पोझिशन' म्हणून यूयूआयडी (क्लस्टरची ओळख) आणि पुढे आकडा येतो. तिन्ही आकडे लिहून घ्या. यूयूआयडी सारखा असायला हवा. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा त्याच्याकडे सगळ्यात ताजा डेटा.

त्या एकाच नोडवर सेफ टू बूटस्ट्रॅप १ करा आणि गॅलेरा न्यू क्लस्टर कमांड चालवा. त्याआधी शक्य असेल तर तिन्ही डेटा डिरेक्टरी कॉपी करून ठेवा, वेळ लागला तरी चालेल, वरच्या लोकांनी घाई लावली तरी हे सोडू नका. बाकीचे दोन नोड नेहमीच्या स्टार्टनेच, एकेक करून उठवा. दोघांवरही बूटस्ट्रॅप चालवलंत तर तीन वेगळे एकेकटे क्लस्टर तयार होतात, अ‍ॅप्लिकेशन कधी इकडे लिहितं कधी तिकडे, आणि तो डेटा परत जुळवणं म्हणजे फार हाल.

चुकून जुन्या डेटाचा नोड आधी उठवलात तर ताजा नोड त्यात सामील व्हायला नकार देऊ शकतो, माझा आकडा ग्रुपपेक्षा पुढे आहे, स्टेट वेगळ्या झाल्यात, असं म्हणून थांबतो. तोच मेसेज खाली सुचवतो की पुढे जायचं असेल तर ग्रास्टेटची फाइल काढा. काढलीत की त्या नोडवरचा ताजा डेटा पुसून जुना येतो. तो सल्ला बहुधा इथूनच पसरलाय.

उठल्यावर डेटाबेसच्या स्टेटसमध्ये डब्ल्यूएसरेप क्लस्टर साइज ३, क्लस्टर स्टेटस प्रायमरी आणि लोकल स्टेट 'सिंक्ड' दिसेपर्यंत ट्रॅफिक सोडू नका.

प्रश्न: आमचे दोन नोड चालू आहेत पण तिसरा साधारण दीड मिनिट चालतो आणि मग सिस्टिमडी त्याला मारून टाकतो. लॉगमध्ये काही एरर नाही.

उत्तर: तो बहुतेक पूर्ण डेटा ओढून घेतोय, म्हणजे एसएसटी चाललंय. सिस्टिमडीची डिफॉल्ट मुदत ९० सेकंदांची असते, डेटा मोठा असला की तेवढ्यात उरकत नाही आणि मधेच कापलं जातं, परत स्टार्ट केलं की सगळं पहिल्यापासून. नवीन व्हर्जनमध्ये मारियाडीबी स्वतःच मुदत वाढवून मागतो, जुन्यात तुम्हालाच सिस्टिमसीटीएल एडिट करून टाइमआउट स्टार्ट सेक वाढवावं लागेल. तेवढं करूनही अडकलं तर फायरवॉलमध्ये ४४४४ पोर्ट बघा, ते एसएसटीचं, आणि ४५६८ आयएसटीचं, म्हणजे फक्त राहिलेले बदल घेण्याचं. मारियाडीबी बॅकअप पद्धत वापरत असाल तर ते टूल आणि सोकॅट (डेटा नेटवर्कवरून पाठवणारा प्रोग्राम) दोन्ही बाजूंना इन्स्टॉल असावं लागतं, फक्त नव्या नोडवर असून भागत नाही. डोनरचा, म्हणजे डेटा देणाऱ्या नोडचा लॉगपण उघडून बघा, खरी एरर पुष्कळदा तिथे सापडते.

प्रश्न: दोनच नोड आहेत. एक अचानक बंद पडला की दुसरा चालू असूनही क्वेरी घेत नाही, असं का?

उत्तर: दोनपैकी एक म्हणजे बहुमत नाही, म्हणून तो मुद्दाम थांबतो. तिसरा नोड घ्या, बजेट नसेल तर छोट्या मशीनवर गार्बडी चालवा, तो डेटा साठवत नाही, फक्त मत देतो. फक्त त्या दोघांपैकी एकाच्याच मशीनवर नको.