हिरा नको, मग कोंदणात काय?

लग्नसराई जवळ आली की हिऱ्याबद्दलची पत्रं वाढतात. यंदा मात्र बऱ्याच जणांनी भाव विचारण्याआधी हा दगड येतो कुठून आणि तो काढताना कोणाचं काय जातं, हे विचारलंय. जळगावच्या सराफ बाजारात पंचवीस वर्षं टंच काढतोय, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासतोय, आणि खडेही तपासतोय. काउंटरवर हा प्रश्न मला फारसा कोणी विचारला नव्हता. म्हणून या वेळी तेवढीच पत्रं घेतली.

लॅबमधला हिरा म्हणजे खोटा हिरा, असं माझे काका म्हणतात. जाहिरातीत त्याला पर्यावरणपूरक म्हणतात. खरं कोणाचं? (भुसावळ)

काका चुकताहेत आणि जाहिरात अर्धंच सांगतेय. लॅबमधला हिरा हाही कार्बनच, खाणीतल्या हिऱ्याइतकाच कठीण. नुसत्या भिंगाने मलाही दोघांतला फरक सांगता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. तो दोन पद्धतींनी वाढवतात. एचपीएचटीत प्रचंड दाब आणि हजार अंशांच्या वर तापमान देतात. सीव्हीडीत मिथेन आणि हायड्रोजनच्या वायूतून हिऱ्याच्या पातळ कापावर थरावर थर चढवतात. दोन्हींत डोंगर फोडावा लागत नाही, हे खरं.

पण भट्टी वीज खाते, तीही भरपूर. ही वीज कोळशाची असेल तर काय होतं, हे भुसावळच्या माणसाला मी काय सांगू? दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या तुम्ही रोज बघता. तेव्हा दुकानात एकच विचारा: हा हिरा कुठल्या कारखान्यातला आणि तिथली वीज कसली? “आमचा माल इको-फ्रेंडली आहे” हे त्याचं उत्तर नव्हे. आणि लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत चांगलेच उतरलेत. हौस म्हणून घ्या, पुढे मोडून पैसे येतील म्हणून घेऊ नका.

मुलाकडच्यांना साखरपुड्यात हिऱ्याचीच अंगठी हवी आहे. दुकानदार म्हणतो, किम्बर्लीचा माल आहे, काळजी नको. एवढ्यावर विश्वास ठेवावा का? (मुलीचे वडील, धुळे)

किम्बर्ली प्रक्रिया म्हणजे कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था. ती २००३ मध्ये सुरू झाली. आफ्रिकेतल्या बंडखोर टोळ्या हिरे विकून लढाया चालवत होत्या, ते थांबवायला. गोम तिच्या व्याख्येतच आहे. बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या युद्धासाठी विकलेला कच्चा हिरा तेवढा ‘संघर्षाचा’. खाणीत लहान मुलं राबली, सरकारी सैनिकांनी मजुरांना मारलं, नदी गढूळ झाली, तर यातलं काहीच त्या व्याख्येत बसत नाही. शिवाय ते प्रमाणपत्र कच्च्या हिऱ्यांच्या पार्सलसोबत फिरतं. पैलू पाडून अंगठीत बसलेल्या तुमच्या खड्याचा इतिहास त्यात लिहिलेला नसतो. दुकानदार खोटं बोलत नाही, त्याचा कागदच तोकडा आहे.

व्याह्यांना दुखवायचं नसेल तर एक आठवण सांगून बघा. ‘हिरा कायमचा’ ही घोषणा डी बिअर्स कंपनीसाठी १९४७ मध्ये अमेरिकेतल्या एका जाहिरात एजन्सीत लिहिली गेली. आपल्याकडे साखरपुड्याला साखरेचा पुडा, नारळ, साडी-चोळी. त्यात हिरा कुठून आला?

मला निळा नीलम आवडतो. घरचे म्हणतात शनीचा खडा आहे, बाधेल. (शहादा)

शनीचं मला कळत नाही, खड्याचं सांगतो. नीलम कठीणपणात दहापैकी ९, म्हणजे रोज वापरायला उत्तम. पाचू त्याहून नाजूक आणि बहुधा आतून तडकलेला असतो. मोती तर अंगठीत घेऊच नका, भांडी घासताघासता त्याची चकाकी जाते.

रंगीत खडे आपोआप स्वच्छ ठरत नाहीत. त्यांना किम्बर्लीसारखी तोकडी का होईना, पण व्यवस्थाही नाही. आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांना धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. लॅबमध्ये वाढवलेला नीलम किंवा माणिक घेतलात तर खाणीचा प्रश्न मिटतो आणि खर्चही खूप कमी होतो. हे तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं आहे. घरच्यांना सांगा, भट्टीतून आलेल्या खड्याचा शनीशी संबंध असेल, तर तो आपण पुढच्या पत्रात पाहू.

मोइसानाइट हिरा म्हणून गळ्यात मारतात का? (अमळनेर)

मारतात. उष्णतेवर चालणारा साधा टेस्टर मोइसानाइटलाही ‘हिरा’ म्हणतो. हा हिऱ्यासारखा दिसणारा पण वेगळा खडा, सिलिकॉन कार्बाइडचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री मॉयसाँ यांना तो १८९३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या उल्कापाताच्या विवरातले नमुने तपासताना सापडला. आज बाजारातला जवळपास सगळा लॅबचा. कठीणपणा सव्वानऊ, चमक हिऱ्याहून जास्त, थोडी इंद्रधनुषी. मला स्वतःला तो आवडतो. फक्त बिलावर ‘मोइसानाइट’ असं लिहून घ्या.

आजीची २२ कॅरेटची पाटली आहे. ती मोडून माझी आणि होणाऱ्या नवऱ्याची अंगठी करावी, असं वाटतं. आई म्हणते, घट फार जाते. (चोपडा)

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ बसलो, कारण माझ्या मते खरं उत्तर इथेच आहे. आपण खड्याचा एवढा विचार करतो आणि त्याभोवतीचं सोनं विसरतो. खाणीतल्या एका टन खडकात बहुतेक ठिकाणी जेमतेम काही ग्रॅम सोनं असतं. ते काढायला सायनाइड लागतं आणि जगभरच्या छोट्या खाणींत पारा. तुमच्या आजीची पाटली घरात आहे म्हणजे तो खडक केव्हाच फुटलाय. नवीन फोडायची गरज नाही.

आता हिशेब. खडा बसवायचा तर अंगठी १८ कॅरेटची करा, २२ कॅरेट मऊ पडतं आणि खडा निसटतो. ४ ग्रॅमच्या १८ कॅरेटच्या अंगठीत शुद्ध सोनं ३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या पाटलीतलं सुमारे सव्वातीन ग्रॅम. दोन अंगठ्यांना साडेसहा. उरलेली पाटली जपून ठेवा.

आईची शंका रास्त आहे. जुन्या दागिन्यात डाग, म्हणजे सांधे जोडायला वापरलेला हलका धातू असतो, कधी आत लाखही असते, त्यामुळे टंच २२ चा भरत नाही. म्हणून वितळवण्याआधी आणि नंतर, तुमच्यासमोर टंच काढायला लावा. दुकानात ‘बदलून’ दिलंत तर तुमचं सोनं इतरांच्या सोन्यात मिसळून रिफायनरीत जातं. पर्यावरणाच्या दृष्टीने त्यात वाईट काही नाही. आजीचंच सोनं बोटात हवं असेल, तर वेगळं वितळवून द्यायला तयार असलेला कारागीर शोधा. घडणावळ थोडी जास्त घेईल. तयार अंगठीवर ७५० चा, म्हणजे १८ कॅरेटचा शिक्का आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक बघा, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, एवढं लक्षात असू द्या.

माझ्या आजीने मला खडे विकताना पाहिलं होतं. ती म्हणायची, “सोनं मोडता येस, हिरा मोडता येत नही.”

आम्ही दोघंही केळीच्या बागेत राबतो. अंगठी घेऊच नये का? (रावेर)

न घेतलीत तरी साखरपुडा होतोच. घेतलीत तर खडा उंच काट्यांत नको, चारही बाजूंनी कोंदणात बसवलेला घ्या, आणि घड कापायला जाताना काढून ठेवा. केळीचा चीक कोंदणाच्या कडेला काळा बसतो. कोमट पाणी, रिठे आणि जुना टूथब्रश. लॅबचा हिरा असो की आजीची पाटली, धुण्याची रीत एकच.