दमा, दम आणि धमनी

‘दम लागणे, धाप लागणे आणि दमा यांत फरक काय?’ असा प्रश्न आला आहे. पहिली दोन लक्षणं, तिसरा रोग. जिना चढून दम लागतो, धावून धाप लागते. दम्यात श्वासनलिका आवळतात, छातीत सूं सूं वाजतं, आणि हा त्रास पुन्हा पुन्हा उठतो. इतकं सरळ असताना कुणालाही श्वास पुरेना झाला की लोक ‘दमा उठला’ म्हणून मोकळे होतात, याची मला भयंकर चीड आहे. पाय प्लॅस्टरमध्ये होता, आता एकच पोटरी सुजून दुखतेय, अचानक श्वास अपुरा पडतोय आणि खोल श्वास घेताना छातीत कळ येतेय? पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकलेली असू शकते. शेंगदाणे खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर ओठ-जीभ सुजली, अंगावर गांध्या उठल्या, घुसमटायला लागलं, तर ती जीवघेणी अ‍ॅलर्जी. तिला मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन तातडीने लागतं. अशा वेळी १०८ला फोन करायचा, वाफारा घेत बसायचं नाही.

आता शब्द. ‘दमवतो तो दमा’ असं म्हणून थेट संस्कृत ‘दम्’, इंद्रियदमन वगैरेंपर्यंत जाणारे जाणकार मला भेटतात. साफ चूक! दमा फारसीतून आला. तिथे ‘दम’ म्हणजे श्वास, फुंकर. एका दमात, दम कोंडणे, दमछाक ही सगळी त्याचीच लेकरं. मुळात क्रियापद ‘दमीदन’, म्हणजे फुंकणे, आणि ते आपल्या संस्कृत ‘ध्मा’चं सख्खं भावंड. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीम पौण्ड्र शंख फुंकतो, तिथलं ‘दध्मौ’ याच धातूचं. आणि धमनीसुद्धा! चरकसंहितेत चक्क व्युत्पत्तीच दिली आहे: ‘ध्मानाद्धमन्यः’, म्हणजे ध्मानामुळे त्या धमन्या. टीकाकार चक्रपाणिदत्त इथे ध्मान म्हणजे ‘पूरण’, भरणं, असा अर्थ लावतात. मला तो मुळीच पटत नाही. शंख फुंकणारा धातू धमनीत शिरताच फुंकायचं का सोडेल? ग्रीकांकडे बघा. त्यांचा धमनीसाठीचा शब्द ‘आर्टेरिया’ आधी श्वासनलिकेसाठीही वापरात होता, कारण प्रेतातल्या धमन्या रिकाम्या दिसत आणि एरासिस्त्रातससारखे वैद्य त्यांत हवा खेळते असंच मानत; गेलन या वैद्याने पुढे त्यांत रक्त असल्याचं दाखवलं. तिकडे रक्तवाहिनीचं नाव वाऱ्याशी जोडलेलं असेल, तर चरकाचं ध्मानही फुंकण्याचंच, असं मी ठामपणे म्हणतो.